ताताय उतरला

आमच्या वस्तीत कुणाच्याही नवऱ्याबद्दल किंवा बापाबद्दल दोनच प्रश्न विचारतात. चढलाय का, आणि उतरला का. जहाजावर, हे वेगळं सांगावं लागत नाही. इलोइलोत, या आमच्या बंदराच्या शहरात, गल्लीतले पुरुष म्हणजे एकतर म्हातारे, नाहीतर शाळकरी, नाहीतर नुकतेच उतरलेले. कुणी उतरला की त्याच्या घरी डुक्कर भाजतात आणि अख्खी गल्ली जेवायला जाते. हल्ली तर नवीनच फॅशन आहे, तो कुणाला न सांगताच येतो. बायको बाजारात मासळीवाल्याशी हुज्जत घालत असते आणि हा मागून येऊन तिचे डोळे झाकतो. पुतण्या मोबाइलवर सगळं टिपत असतो. असे व्हिडिओ मी इतके पाहिलेत की कोण कुठल्या सेकंदाला रडायला लागेल ते मी आधीच सांगू शकते.

माझा ताताय, म्हणजे बाबा, चढलेला होता. त्याचं कंत्राट एकदा वाढलं, मग पुन्हा वाढलं. समुद्रात सिग्नल नसतो, त्यामुळे त्याचे निरोप तुटक यायचे. जेवलीस का. अभ्यास कर. बहुतेक वेळा नुसता अंगठा. नानायला विचारलं की ती म्हणायची, "जहाज मोठं आहे, माल जास्त आहे." एवढं बोलून आई परत शिवणयंत्राचं पायडल हाणायला लागायची, म्हणजे पुढचा प्रश्न विचारायची सोय नाही.

टोटो माझा धाकटा भाऊ, नऊ वर्षांचा. ताताय गेला त्या दिवशी विमानतळावर याने त्याचा पाय धरून ठेवला होता, बूट, मोजा, सगळं मिठीत. पाय सोडवून घ्यायला तातायने वचन दिलं, "मी उतरलो की सायकल. लाल." तेव्हापासून टोटोला जगात दुसरं काही नकोच होतं. शेजारच्या पोराच्या सायकलमागे पळत तो शाळेत जायचा, आणि पळतानासुद्धा हात हँडल धरल्यासारखे पुढे.

आणि मी लव्हली जॉय. हो, खरंच हे नाव आहे. मागच्या वर्षीपर्यंत मला हजेरीला 'हजर' म्हणायचीसुद्धा लाज वाटायची. मग मी तातायला आवाज रेकॉर्ड करून पाठवायला लागले. रोज काहीतरी बडबड. शाळेतल्या सिस्टर कुणावर खेकसल्या, टोटोचा कुठला दात पडला, पाऊस किती. ऐकणारा समोर नसला की घाबरायचं कुणाला? बोलता बोलता जीभ सुटली. जूनमध्ये वक्तृत्वात पहिली आले, आणि आता मी गप्प बसावं म्हणून लोक नवस बोलतात. आवाज म्हणजे काय चीज आहे ते मला कळलं होतं. आपण बोलायला लागलो की माना वळतात. ते एकदा कळल्यावर कोण गप्प बसेल?

चर्चसमोरच्या बागेला आम्ही प्लाझा म्हणतो. मोठमोठी झाडं, मधोमध कारंजं, एका कडेला बँडचा चौथरा. इलोइलोत प्रत्येक वस्तीला आपापला प्लाझा आहे, आणि वर्षातून एका रविवारी सगळ्या प्लाझांचा सण असतो. घरातली म्हातारी, तान्ही, कुत्री, सगळी बागेत. त्या दिवशी सगळं फुकट. रोपं फुकट, पतंग फुकट, पोरांच्या गालावर फुलपाखरू रंगवणं फुकट, आणि झाडाखालच्या मोठ्या पातेल्यातली आल्याची गरमागरम भाताची पेज फुकट. पेज ढवळायला यंदा नानाय होती. आणि खेळांच्या वेळी माइक धरायला मी. फलकावर माझं नाव होतं, नोंग वेलिंगच्या नावाखाली, त्यांच्यापेक्षा थोड्याच लहान अक्षरांत. मी त्याचा फोटो तातायला पाठवला. अंगठा आला.

नोंग वेलिंग, म्हणजे वेलिंगदादा, पूर्वी रेडिओवर होते. ते घरी मीठसुद्धा जाहिरातीच्या आवाजात मागतात असं त्यांची बायको सांगते.

त्या दिवशीचा सगळ्यात मोठा खेळ 'ब्रिंग मी'. आमच्याकडे बारसं असो, लग्न असो, हा खेळ नसेल तर लोक जेवून लगेच घरी जातात. चौथऱ्यावरून माइकवाला एखादी वस्तू मागतो, आणि ती जो पहिला आणून देईल तो जिंकला. छोट्या वस्तूंना छोटी बक्षिसं, साबण, नूडल्सची पाकिटं. शेवटच्या वस्तूला मोठं बक्षीस. यंदा मोठं बक्षीस चौथऱ्यावर रिबीन बांधून उभं होतं. सायकल. लाल.

सकाळी घरून निघताना टोटो म्हणाला, "मानांग, काय काय मागणार ते आधी सांग ना."

मानांग म्हणजे ताई. मी त्याच्याशी कशीही वागले तरी तो मला मानांगच म्हणतो.

"मला काय माहीत? नोंग वेलिंगना ऐन वेळी सुचतं."

"मग वरून माझ्याकडे बघून हसू नकोस. लोक म्हणतील लबाडी केली."

"तुझ्याकडे बघून कोण हसतंय, माकडा."

एरवी तो मला लाथ मारून पळाला असता. त्या दिवशी तो चपलेचा निसटलेला पट्टा भोकात कोंबत बसला. "आज मिळाली नाही तर कधीच मिळणार नाही," तो म्हणाला.

"ताताय आणणार आहे ना."

"तुझ्या वेणीची रिबीन सुटलीय," टोटो म्हणाला.

रिबीन सुटलेली नव्हती.

खेळ रंगला. आधी पांढरा केस मागितला, मुळासकट. एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर चार पोरं तुटून पडली आणि तो बिचारा हातातली पेज सांभाळत ओरडत राहिला, "एक मागितलाय, एक." मग एकही दात नसलेलं माणूस मागितलं. मग नोंग वेलिंग म्हणाले, "बायकोला न घाबरणारा नवरा." एक जण छाती काढून चौथऱ्याच्या पायऱ्या चढला. गर्दीतून बायकोचा आवाज आला, "छत्री कुठे ठेवलीस?" तो तसाच उलटा गेला. हशा पिकला. मी माइकवर म्हणाले, "साबण परत कापितानकडे." पुन्हा हशा. कापितान लुर्देस म्हणजे वस्तीच्या प्रमुख, सगळी बक्षिसं त्यांच्या ताब्यात आणि प्रत्येक वस्तू खरी की खोटी ते त्यांनी ठरवायचं. त्यासुद्धा हसल्या. मला वाटत होतं, मी बोट उचललं तर ही सगळी माणसं उभी राहतील.

टोटो प्रत्येक वेळी धावला आणि प्रत्येक वेळी मागे पडला. पाय लहान, गर्दी मोठी.

नोंग वेलिंगनी माइक ओठांना लावला. "आता शेवटची वस्तू. सायकलची. ब्रिंग मी..." ते थांबले. रेडिओवरच्या माणसाला थांबायचं कुठे ते बरोबर कळतं. "खरे अश्रू."

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग सगळा प्लाझा हसला, आणि हसता हसताच आया पोरांकडे वळल्या. चिमटे सुरू झाले. दोन बायका रडकी बाळं घेऊन धावत आल्या.

"बाळं बाद," नोंग वेलिंग म्हणाले. "ती तशीही रडतात, त्यात तुमचं काय कर्तृत्व? माणूस बारा वर्षांच्या वरचं पाहिजे. अश्रू गालावर पाहिजे, डोळ्यात असून उपयोग नाही. आणि कांदा लावाल तर कापितान वास घेतील."

मग खरी मजा आली. एकाने आपल्या थोराड चुलतभावाच्या मुस्काटात मारली. चुलतभावाने त्याच्या दोन मारल्या, आणि दोघंही लाल गाल घेऊन कोरडेच वर आले. आमच्या गल्लीतल्या मानांग पेर्ला आपल्या कॉलेजातल्या मुलीला मोठ्याने म्हणाल्या, "तू माझी नाहीस, तुला मी चर्चच्या पायरीवरून उचललंय."

मुलगी म्हणाली, "आई, हे तू दरवर्षी ख्रिसमसला सांगतेस."

कारंज्याजवळच्या बाकावर लोला पासिंग बसल्या होत्या. वस्तीतल्या सगळ्यांच्या त्या लोला, आजी. त्यांचा मुलगा रिको मच्छीमार होता, वादळात गेला, होडीसुद्धा मिळाली नाही. माझ्याच शाळेतली दोन मुलं त्यांच्यापाशी गेली. एकाने अगदी गोड आवाजात विचारलं, "लोला, रिकोचा वाढदिवस कधी हो?" मी वरून पाहत होते. लोलांनी तारीख सांगितली. मग त्यांची हनुवटी हलायला लागली. पोरांनी लगेच त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं आणि उचलल्यासारखं करून आणायला लागली. "हळू, हळू, पुसू नका हं लोला." पण पायऱ्यांशी आल्यावर लोलांना वाटलं की आपण स्टेजवर चाललोय. त्यांनी ब्लाउजमधून रुमाल काढला, चेहरा स्वच्छ पुसला, केस नीट केले आणि वर आल्या.

कापितानने त्यांच्या गालावरून बोट फिरवलं. "वाळले."

मी माइकवर म्हणाले, "अरेरे लोला, थोडे राखून ठेवायचे होते की."

त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा तो. लोलासुद्धा हसल्या, कारण सगळे हसत होते. मग त्या तिथेच उभ्या राहिल्या, आपल्याला कशासाठी आणलं ते आठवत. कुणीतरी त्यांना खाली नेलं आणि हातात साबण दिला.

तेवढ्यात मला टोटो दिसला. तो नानायपाशी गेला होता. तिच्या ॲप्रनला धरून तिला वाकवून तो काहीतरी सांगत होता. नानाय ढवळता ढवळता ऐकत होती. तिचा चेहरा कोरडा ठणठणीत. मला हसूच आलं, नानायला रडवायला निघालाय वेडा. मग टोटोने तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नानायने झटकन त्याचं मनगट पकडलं. ती मानेने नाही, नाही म्हणत होती. त्याने मनगटाला हिसका दिला आणि सुटला. ती काहीतरी ओरडली, पण स्पीकरपुढे कुणाचं ऐकू येणार?

टोटो चौथऱ्यावर आला. एकटाच.

"टोटो," नोंग वेलिंग म्हणाले, "हात हलवत आलास? अश्रू कुठे आहेत?"

"इथेच आहेत," टोटो म्हणाला. त्याने मला खाली वाकायची खूण केली. मी वाकले. त्याने माझ्या कानाभोवती दोन्ही तळव्यांची नळी केली. त्याच्या तोंडाला आल्याचा वास येत होता.

"मानांग, ताताय उतरलाय."

मला एका झटक्यात सगळं कळलं. म्हणजे मला वाटलं की कळलं. म्हणून ही सायकल. म्हणून ती लाल. म्हणून नोंग वेलिंगनी अश्रू मागितले, म्हणून नानाय नाही नाही म्हणत होती, याने गुपित आधीच फोडलं म्हणून. सगळा प्लाझा या कटात होता. मी तो फोटो पाठवला आणि अंगठा आला, तेव्हा तो निघालासुद्धा असेल. आता कुठल्यातरी झाडामागून तो येणार, आणि कुणाचा तरी पुतण्या मोबाइल धरून तयारच असणार. मी रडायचं नाही असं ठरवलं. मी हसत त्याला सामोरी जाणार होते. मी माइकवाली होते.

मी माइक तोंडाला लावला आणि होता तेवढा आवाज काढून म्हणाले, "माझा ताताय उतरलाय."

एकदा म्हणून माझं भागलं नाही. "ऐकलं का सगळ्यांनी? माझा ताताय उतरलाय. या सगळे आमच्याकडे जेवायला."

कुणी टाळी वाजवली नाही.

आमच्या वस्तीत हे वाक्य ऐकून टाळी पडत नाही असं कधी होत नाही. मेलेला माणूससुद्धा टाळी वाजवेल. मी झाडांमागे शोधत होते. मानांग पेर्ला आपल्या चपलांकडे बघत होत्या. त्यांची मुलगी माझ्याकडे बघत होती आणि तिने हात तोंडावर ठेवला होता. पुढच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि ते पाहणं मला ओळखीचं होतं. बाजारात मी शेजारून गेले की त्या तसंच पाहायच्या. मला वाटायचं, मी आता प्रसिद्ध झालेय म्हणून.

नोंग वेलिंगनी माइकवर तळवा ठेवला. "इंदाय," पोरीला हाक मारावी तसं ते साध्या आवाजात म्हणाले. त्यांचा साधा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "इंदाय, बाळा..."

"कुठे आहे तो?" मी टोटोला विचारलं.

टोटो घाईत होता. मागून आणखी कुणीतरी कुणालातरी ओढत पायऱ्यांकडे आणत होतं. "बाकोलोदला," तो म्हणाला. "मागच्या वर्षीच उतरला. तिथे त्याची दुसरी बायको आहे. त्यांना बाळ आहे. मी बघितलंय. त्याला दोन दात आहेत."

बाकोलोद. समोरच्या बेटावरचं शहर. फेरीबोटीने तासाभराचा रस्ता. किनाऱ्यावर उभं राहिलं तर रात्री तिथले दिवे दिसतात.

मला वाटतं मी म्हणाले, "पण सिग्नल." एवढंच.

मग ते आलं. कुठून आलं ते मला कळलं नाही. मी रडत नव्हते, नुसती उभी होते, आणि पाणी आपोआप हनुवटीपर्यंत गेलं. नानाय गर्दीतून धावत आली होती, हातात पेजेचा डाव तसाच. ती पायरी चढायला लागली तेव्हा कापितान लुर्देसनी तिच्यापुढे हात आडवा केला. "थांब जरा. आधी निकाल."

कापितानने माझ्या गालाला बोट लावलं. उजेडात धरून पाहिलं. नियम म्हणजे नियम, म्हणून वासही घेतला.

"खरे आहेत," त्या म्हणाल्या.

आता टाळ्या पडल्या. आधी थोड्या, मग जास्त, कारण कुणालातरी काहीतरी करायला हवंच होतं. नोंग वेलिंगनी तळवा काढला, त्यांचा रेडिओचा आवाज परत आला, आणि त्यांनी माझ्या भावाचं पूर्ण नाव सगळ्या बागेला ऐकवलं. टोटोने सायकलच्या हँडलला हात लावला. आधी एक, मग दुसरा. तो हसला नाही. तिचं वजन पेलेल का ते बघत होता.

"इंदाय, पोत्यांची शर्यत राहिलीय," नोंग वेलिंग माझ्या कानाशी म्हणाले. "घेशील? की मी घेऊ?"

मी घेतली. छान घेतलीस असं सगळे म्हणाले. मानांग पेर्ला तर म्हणाल्या, असा आवाज वस्तीत कुणाचा नाही.

पेज तळाशी करपली होती. तीही लोकांनी खाल्ली, फुकट होती.

संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात होतो. नानाय आत यंत्रावर बसली होती, पण पायडलचा आवाज येत नव्हता. सायकल टोटोला मोठी निघाली. सीटवर बसलं की पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून तो ती भिंतीला टेकवून वर बसला होता आणि पायडलं उलटी फिरवत होता.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"ईस्टरच्या सुट्टीत. नानाय मला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती ना?"

"बाकोलोदला दाताचा डॉक्टर?"

"डॉक्टर नव्हताच. तिथे एक बाग आहे, तळ्याची. आम्ही बाकावर बसलो. मग ताताय आला, बाळाला घेऊन. नानाय म्हणाली, जा, मासे बघ. मी खूप वेळ मासे बघितले." पायडलं खडखड फिरत होती. "त्याने मला आंब्याचं आइस्क्रीम दिलं. येताना नानाय म्हणाली, मानांगला सांगू नकोस, ती आत्ता कुठे बोलायला लागलीय."

"मग आज का सांगितलंस?"

"आधी मी नानायलाच आणणार होतो. तिच्याजवळ त्याचं नाव काढलं. पण तिला आता त्याचं रडू येत नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं. "रागावलीस?"

मी सायकलला बांधलेली रिबीन सोडवायला लागले.

"ताताय उतरला की सायकल, असं ठरलं होतं ना," टोटो म्हणाला. "तो तर उतरला होता."

माझा मोबाइल वाजला. ताताय होता. 'कसा झाला कार्यक्रम? व्हिडिओ पाठव. इथे मोठ्या लाटा आहेत.'

टोटोने मान लांब करून वाचलं. तो पायडल फिरवायचा थांबला. आतून नानायने विचारलं, "कुणाचं आहे?"

मी आवाज रेकॉर्ड केला. नेहमीसारखाच, खणखणीत. "छान झाला, ताताय. सगळे खूप हसले. टोटोला लाल सायकल मिळाली, आता तू आणू नकोस. तू कधी उतरणार आहेस?"

पाठवला.

एरवी त्याचं उत्तर यायला दोन दोन दिवस लागायचे. मी मोबाइल मांडीवर ठेवतेय तोवर आलं.

'अजून सहा महिने, राणी. कंत्राट वाढलंय.'

त्या संध्याकाळी समुद्रात सिग्नल फार चांगला होता.